व्यायाम आणि साहस : वेगाचा धावपटू दीर्घ धावेकडे वळतो तेव्हा

कोल्हापूर ही तालमींची नगरी आहे. तांबड्या मातीत घाम गाळणाऱ्या मल्लाचे बल, आहार व दुखापती यांचा विचार येथील वैद्यपरंपरेने पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. गेल्या दोन दशकांत मात्र व्यायामाचे आणखी एक रूप या नगरीत रुजले. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ महाराष्ट्रातील अनेक शहरांत हौशी धावपटूंचे समुदाय उभे राहिले. आज रंकाळ्याच्या काठाने वा पन्हाळ्याच्या रस्त्याने पहाटे धावणाऱ्यांत विद्यार्थ्यांपेक्षा संसारी स्त्रीपुरुषच अधिक दिसतात.

यांपैकी एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णाकडे आम्ही वैद्यबंधूंचे व औषधविक्रेत्यांचे लक्ष वेधू इच्छितो. महाविद्यालयीन वयात शंभर-दोनशे मीटर धावलेला, पुढे नोकरी-व्यवसायात गुंतलेला आणि पस्तिशी-चाळिशीत बेचाळीस किलोमीटरची स्वप्ने पाहू लागलेला हा गृहस्थ. मैदानाशी जुनी ओळख असल्यामुळे त्याला नवख्याची भीती नसते, आणि नेमका तेथेच धोका संभवतो.

शंभर मीटरची धाव स्नायूंत आधीच साठलेल्या शक्तीवर काही क्षणांत पार पडते. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. तेथे श्वासाबरोबर घेतलेला प्राणवायू, यकृत व स्नायूंतील शर्करेचा साठा आणि मेद यांच्यावर कित्येक तास निर्वाह करावा लागतो. पहिल्या प्रकारात सर्व बल एकदम पणास लावणे हाच धर्म, तर दुसऱ्यात तोच अधर्म ठरतो. जुना वेगवान धावपटू सवयीने प्रत्येक दिवशी जोराने धावतो. त्याचे हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच नव्या श्रमास सरावतात. अस्थी, स्नायू व कंडरा यांना मात्र कित्येक महिने लागतात. दम टिकतो आहे म्हणून तो अंतर वाढवीत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नडगीची, टाचेची वा गुडघ्याची वेदना घेऊन आपल्याकडे येतो.

आपल्या शास्त्राने या प्रसंगाची तयारी फार पूर्वी करून ठेवली आहे. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही अर्धशक्तीनेच व्यायाम करावा, असा संहितांचा दंडक आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, मुखास कोरड पडणे, श्वास जलद होणे ही अर्धशक्तीची लक्षणे सांगितली आहेत. त्यापुढे गेल्यास श्रम, क्लम, धातुक्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर व छर्दी हे अतिव्यायामाचे परिणाम चरकाचार्यांनी क्रमाने नोंदविले आहेत. अति व्यायाम, जागरण व अति मार्गक्रमण करणारा मनुष्य हत्तीला ओढणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, हा वाग्भटाचा दृष्टांत आपणा सर्वांस पाठ आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. अर्ध्या शक्तीने धावून मॅरेथॉन कशी पुरी व्हावी? आमच्या मते या आक्षेपाचे मूळ शब्दार्थात आहे. अर्धशक्ती ही त्या दिवशीच्या बलाची अर्धी. बल वाढत गेले की तिचे मापही वाढते. सहा महिन्यांपूर्वी पाच किलोमीटरला जी लक्षणे दिसत, तीच आता पंधरा किलोमीटरला दिसतात. आजचे प्रशिक्षकही सरावातील बहुतांश धाव सोबत्याशी बोलता येईल इतक्या संथ गतीने करावयास सांगतात. दोन्ही उपदेशांचा आशय एकच आहे. मात्र स्पर्धेचा दिवस अर्धशक्तीच्या मर्यादेत बसत नाही, हेही आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सराव हा व्यायाम आहे, स्पर्धा हे साहस आहे. साहस कधीतरी एकदा करावयाचे व त्यानंतर शरीराची भरपाई करावयाची, एवढे भान रुग्णास दिले तरी आपले अर्धे काम झाले.

या प्रदेशाला दीर्घ धाव परकी नाही. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्यापेक्षा अधिकच होते. सातारा जिल्ह्यातील मोहीच्या ललिता बाबर यांनी उलट दिशेने प्रवास केला. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत अग्रस्थान मिळविल्यानंतर त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या. अंतर बदलता येते, हे अशा उदाहरणांवरून दिसते. मात्र त्यासाठी शरीराची नवी घडण करावी लागते आणि तिला वेळ द्यावा लागतो.

ऋतुचर्येचा मुद्दाही येथे महत्त्वाचा आहे. मुंबईची स्पर्धा जानेवारीत असते. म्हणजे तयारीचा आरंभ वर्षा ऋतूत, मध्य शरदात आणि कळस हेमंतात येतो. वर्षाकाळी व्यायाम वर्ज्य वा अल्प, हेमंत-शिशिरात अर्धशक्तीपर्यंत, हा शास्त्राचा क्रम या वेळापत्रकाशी चांगला जुळतो. पावसाळ्यात अल्प व संथ धाव, ऑक्टोबरच्या उन्हात संयम आणि थंडीत अंतराची वाढ असा आराखडा कोल्हापूरच्या हवामानास मानवणारा आहे. नित्य अभ्यंग व पुरेशी निद्रा यांची जोड त्यास द्यावी.

आता चिकित्सेविषयी. विषम भूमीवर पाय पडल्याने वा श्रमाने घोट्याच्या आश्रयाने होणारा वातकंटक, पोटऱ्यांत गोळे आणणारी खल्ली, पाददाह ही निदाने आपल्या नित्य परिचयाची आहेत. त्यांतील एरंडतैल, स्नेहन-स्वेदन व अग्निकर्म यांचा अनुभवही आपल्याकडे आहे. तथापि अस्थीवर एकाच बिंदूवर तीव्र स्पर्शासह्यता असेल, वेदना रात्री विश्रांतीतही राहत असेल, तर अस्थीस सूक्ष्म भंग झाल्याची शंका घ्यावी. अशा भंगात पहिले काही आठवडे क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. तेथे अग्निकर्माची घाई न करता धाव थांबवून अस्थितज्ज्ञाकडे पाठवावे. धावताना छातीत दुखणे वा भोवळ येणे ही लक्षणे असणाऱ्यास हृदयाच्या तपासणीशिवाय पुन्हा धावण्याची अनुज्ञा देऊ नये.

‘भरपूर पाणी प्या’ हा सरसकट उपदेशही टाळावा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३ टक्के धावपटूंत सोडियम न्यून आढळले व अतिरिक्त द्रवपान हे त्याचे प्रमुख कारण दिसून आले. तृष्णेनुसार जलपान हाच सुरक्षित मार्ग होय. श्रमानंतर काय द्यावे, हे चरकाच्या श्रमहर महाकषायाने सांगूनच ठेवले आहे. द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक या दहांपैकी इक्षु तर आपल्या दारातच पिकतो. परदेशी डब्यांतील महाग चूर्णांआधी या यादीची आठवण रुग्णास करून द्यावी.

सर्वांत गंभीर मुद्दा मात्र औषधविक्रेत्यांशी निगडित आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉनचा विजेता थॉमस हिक्स यास वाटेत स्ट्रिक्निन व ब्रँडी देण्यात आली होती आणि अखेरीस त्यास आधार देऊन शर्यत पुरी करवावी लागली. हे स्ट्रिक्निन म्हणजे आपल्या कुपीलूतील अल्कलॉइड. आज ते स्पर्धाकाळात निषिद्ध द्रव्य आहे. अग्नितुंडी वटी व विषतिंदुक वटी यांत कुपीलू असतो आणि शोधनाने त्यातील स्ट्रिक्निन कमी होते, निःशेष होत नाही. जातीफलादि चूर्णातील भांग, कामिनीविद्रावण रसातील अहिफेन, वत्सनाभातील हायजेनामाइन यांनाही हाच न्याय लागू होतो. योग्य रुग्णास हे कल्प उपकारक आहेत. स्पर्धकास मात्र तेच कल्प कलंकित करू शकतात, कारण निषिद्ध द्रव्य ‘नकळत’ घेतले ही सबब तेथे दोषमुक्ती देत नाही. २०११ साली भारतीय महिला रिले धावपटूंच्या नमुन्यांत स्टेरॉइड सापडले, तेव्हा जिनसेंगयुक्त पूरक औषधाकडे बोट दाखविले गेले, तरी त्यांच्यावरील बंदी टळली नाही. वनौषधीच्या नावावर असा संशय येणे हे आपल्या शास्त्राचेही नुकसान होय.

हौशी धावपटूची तपासणी सहसा होत नाही, हे खरे. पण आपल्या दुकानात येणाऱ्यांत विद्यापीठ व राज्य पातळीवर खेळणारे तरुण असतात, तसेच पोलीस भरतीसाठी शंभर व सोळाशे मीटरचा सराव करणारेही असतात. ‘स्टॅमिना वाढवणारे’ म्हणून विनालेबल पुडीत दिले जाणारे चूर्ण त्यांच्या हाती पडता कामा नये.

म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे असे. धावणाऱ्या प्रत्येक रुग्णास ‘आपण स्पर्धेत भाग घेता काय व केव्हा’ हा प्रश्न वैद्याने विचारावा व उत्तर नोंदपत्रावर लिहावे. औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना बंधनकारक आहेच. विक्रेत्याने असे कल्प वेगळ्या फळीवर ठेवावेत, चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि देयकावर बॅच क्रमांक लिहावा. ज्याचे घटक लेबलावर नाहीत, असे बलवर्धक विकूच नये, मग नफा कितीही असो.

धावपटू आपल्याकडे बल मागावयास येतो. त्यास बलाचे माप शिकविणे हे पुडीतून बल देण्यापेक्षा कठीण आहे आणि त्यात विक्रीही कमी होते. तरीही स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आपल्या शास्त्राचे पहिले प्रयोजन आहे, आणि पहाटे रस्त्यावर उतरलेला हा स्वस्थ मनुष्य आपण होऊन आपल्या दारी आला आहे. त्याचा विश्वास जपणे आपल्या हाती आहे.