दस्तुरीच्या पुढचा हिशेब

ऐरोलीहून माथेरान काही लांब नाही. ठाण्याला गाडी बदलायची, कर्जत लोकलने नेरळ गाठायचे, टॅक्सीने घाट चढायचा की दस्तुरी नाका आला. आपल्यापैकी अनेकांच्या कार्यालयांतून ही सहल वर्षभर विकली जाते. सहलपत्रिकेत हॉटेलचे नाव असते, पॉइंटांची यादी असते, जेवणाचा तपशील तर पदार्थांसकट असतो. नसतो तो दस्तुरी ते हॉटेल हा सुमारे तीन किलोमीटरचा टप्पा. माथेरानात मोटारबंदी असल्याने मोटारी जिथे थांबतात तिथेच आपली जबाबदारी संपली, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे. आमच्या मते पाहुणा सामानासह खोलीत पोहोचेपर्यंतचा प्रवास हा विकलेल्या सहलीचाच भाग आहे, आणि त्याचा दर व सोय पत्रिकेत लिहून देणे हे आपलेच काम आहे.

नाक्यावर नेमके काय होते, ते पाहा. आजी-आजोबा, दोन मुले आणि चार बॅगा घेऊन कुटुंब टॅक्सीतून उतरते. जवळच्या अमन लॉज स्थानकाहून छोट्या रेल्वेची शटल सुटते, पण तिकिटाला रांग असते आणि गाडीत जागा मोजकी. हमाल, घोडा आणि ई-रिक्षा यांपैकी कशाला किती पडतील, हे कुटुंबाला ठाऊक नसते; म्हणून जो पहिला बोलतो त्याचेच खरे मानले जाते. पर्यटकांना चुकीची माहिती देऊन लुबाडले जाते, या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनी स्वतःच गाव बंद ठेवले होते. दोष तिथल्या काही जणांचा आहेच. पण अशी फसवणूक चालते ती गिऱ्हाईक अजाण असल्यामुळे, आणि त्याला तसेच नाक्यावर सोडतो तो आपला व्यवसाय.

मोटारबंदी आणि गैरसोय यांची जोडी अटळ नाही. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटलाही खासगी मोटारींना बंदी आहे. पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे गाडी ठेवायची, सामानाची ढकलगाडी तशीच शटल रेल्वेत चढवायची, आणि बारा मिनिटांनी उतरल्यावर स्थानकाबाहेर हॉटेलांच्या विजेवरच्या गाड्या तयार असतात. व्हेनिसमध्ये रस्ता पियात्साले रोमाला संपतो. पुढे जलबस किंवा पायपीट, आणि चारशेहून अधिक पुलांपैकी बहुतेकांना पायऱ्या. म्हणून तिथले जाणते सहलवाले हॉटेल निवडताना जलबसच्या थांब्यापासून वाटेत किती पूल लागतात, हे आधी विचारतात. जपानमध्ये यामातो कंपनीने १९७६ मध्ये घरपोच सामानसेवा सुरू केली. आज तिथे प्रवासी बॅगा पुढच्या हॉटेलकडे रवाना करून स्वतः मोकळ्या हाताने फिरतात. माणूस आणि सामान यांची सोय वेगवेगळी लावली की निम्मी अडचण तिथेच सुटते.

यावर पहिला आक्षेप असा की हे काम हॉटेलचे आहे. असेल, पण पैसे आपण घेतो, तेव्हा हॉटेलशी बोलून ते पक्के करून घेणेही आपल्याकडेच येते. दुसरा आक्षेप, खर्च आधी सांगितला तर गिऱ्हाईक बिचकते. बिचकून लोणावळ्याला गेलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येऊ शकते. नाक्यावर घासाघीस करून चिडलेले येत नाही. तिसरा आक्षेप, पुरेशा ई-रिक्षा आल्यावर हा प्रश्न उरणारच नाही. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या चालकांचे गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करण्याचा आदेश दिला, हे योग्यच झाले. परंतु त्याच निकालात पेव्हर ब्लॉकना मुभा आहे ती दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत. आतले रस्ते मातीचेच राहणार. बाजारपेठेपासून दूर असलेल्या बंगलीपर्यंत लाल मातीतून ट्रॉली बॅगेची चाके फिरत नाहीत. तिथे हमालच लागतो.

सर्वांत वजनदार आक्षेप पोटापाण्याचा आहे: आपण दर बांधून दिले तर हमालाची कमाई घटेल. याला उत्तर दराच्या रकमेत आहे. हॉटेलने हमालांशी बोलून बॅगेच्या वजनावर दर ठरवला, पावसाळ्यात तो वाढवला आणि पैसे हातोहात दिले, तर त्यांना रोजच्या कामाची खात्री मिळेल. मधल्या दलालाचा वाटा मात्र जाईल, आणि तो गेलेलाच बरा. दर पाडून घेण्यासाठी ही व्यवस्था वापरणाऱ्यांना आमचा पाठिंबा नाही.

तेव्हा पुढच्या हंगामाच्या पत्रिकेत एवढे जरूर छापा: दस्तुरीपासून हॉटेलचे अंतर आणि चढ, शटल नसल्यास पर्याय, बॅगेमागे हमालीचा दर आणि तो कोण देणार, हॉटेलचा माणूस नाक्यावर कोठे भेटेल. सोबत माणशी एकच बॅग, शक्यतो पाठीवरची, आणि खाऊ आत बंद, कारण माकडे उघड्या पिशव्या सोडत नाहीत. ज्या हॉटेलला ही माहिती लेखी देता येत नाही, त्याची खोली विकण्याआधी आपण थांबावे.