हेडरला रंग कोणता?

धाकट्याच्या जुन्या गाडीसाठी उद्यमबागेत माइल्ड स्टीलचा हेडर बनवून घेतला. हेडर म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्या. मग घरात रंगावरून वाद! त्याला लाल पावडर कोटिंग हवं. अरे, ते भट्टीत साधारण २०० अंशांवर पक्कं होतं. निपाणीकडे जाताना तवंदी घाटात गाडी रेटली की हेडर ५०० अंशांपुढे जातो. रंग करपणारच, वर वास. क्रोम तापून निळं पडतं. तसंच ठेवावं तर बेळगावचा पाऊस, महिन्यात गंज. मी काळं सिरॅमिक कोटिंग ठरवलंय. महाग आहे, पण उष्णता नळीतच राहते, बॉनेटखालच्या वायरी वाचतात. धाकटा रुसलाय. म्हणतो, "दादा, पैसे तुझे, पण गाडी माझी ना?" तेही खरंच.