आठ तासांचे पाहुणे: नॉर्वेने गर्दी आधीच मोजली, मावळ कधी मोजणार?

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गायरांगर हे छोटंसं गाव. कायम राहणारी माणसं जेमतेम दोन-अडीचशे. उन्हाळ्यात मात्र एकेका क्रूझ जहाजातून हजारो पर्यटक इथे उतरतात. धबधबे पाहतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. त्यांचं जेवण जहाजावर, मुक्कामही जहाजावर. गावाच्या वाट्याला थोडी खरेदी येते आणि भरपूर गर्दी.

पिंपरी-चिंचवडकरांना हे चित्र अनोळखी नाही. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी निघायचं, लोणावळ्याचा भुशी डॅम किंवा तळेगावजवळचा कुंडमळा गाठायचा आणि रात्री घरी परतायचं. तिथे जहाज असतं, इथे बाईक आणि कार. प्रश्न मात्र एकच आहे: काही तासांसाठी आलेल्या पाहुण्यांचा भार कोणी आणि कसा पेलायचा?

नॉर्वेने काय केलं?

पहिली गोष्ट म्हणजे आकड्यावर मर्यादा. बर्गन शहराने दिवसाला साधारण ८,००० क्रूझ प्रवासी अशी मर्यादा ठरवली. जहाजांना बंदरातली जागा आधीच बुक करावी लागते, त्यामुळे कोणत्या दिवशी किती माणसं येणार हे शहराला बरंच आधी कळतं.

दुसरी गोष्ट प्रदूषणाची. फ्योर्ड म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी. जहाजांचा धूर तिथे कोंडून राहतो. गायरांगरफ्योर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १ जानेवारी २०२६ पासून वारसा यादीतल्या फ्योर्डमध्ये १०,००० टनेजपेक्षा लहान प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट आहे. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत सवलत मिळाली.

तिसरी गोष्ट पैशाची. २०२५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने पर्यटनाचा ताण असलेल्या नगरपालिकांना ३ टक्क्यांपर्यंत कर लावण्याची मुभा दिली. तो पैसा स्वच्छतागृहं, पायवाटा अशा पर्यटकांशी संबंधित सोयींवरच खर्च करायचा आहे.

मग तिथे सगळं आलबेल आहे का?

नाही. दुकानदार, बसवाले, गाईड यांची कमाई याच जहाजांवर चालते. संसदेने २०१८ मध्ये ठराव केला तेव्हा २०२६ ही मुदत सगळ्याच जहाजांसाठी होती. मोठ्या जहाजांसाठी तंत्रज्ञान तयार नाही म्हणून ती पुढे ढकलावी लागली.

आपल्याकडे काय होतं?

१५ जून २०२५, रविवार. कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. चौघांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचं प्रशासनाला माहीत होतं. पण त्या दिवशी पुलावर किती माणसं चढली, हे मोजणारं तिथे कोणी नव्हतं. त्याआधी ३० जून २०२४ रोजी भुशी डॅममागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते.

अशा दुर्घटनेनंतर ठरलेला उपाय म्हणजे बंदी. पण बंदीने लोकांची बाहेर पडण्याची इच्छा संपत नाही, ते दुसरा धबधबा शोधतात. शिवाय वडापाव, मक्याचं कणीस विकणाऱ्या गावकऱ्यांचा हंगाम बुडतो तो वेगळाच.

नॉर्वेचा उपाय इथे चालेल का?

जसाच्या तसा नाही. जहाजातून उतरणाऱ्यांची यादी असते. मावळात मात्र डझनभर रस्त्यांनी माणसं येतात. पण उदाहरण शोधायला नॉर्वेला जायची गरज नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग, प्रवेशशुल्क आणि पर्यटकांच्या रोजच्या संख्येवर मर्यादा आहे. व्यवस्थेत स्थानिक गावांचाही सहभाग आहे, त्यामुळे शुल्काचा फायदा गावांपर्यंत पोहोचतो.

कासला फुलं जपण्यासाठी माणसं मोजली जातात. कुंडमळा आणि भुशी डॅमला तर माणसंच जपायची आहेत. एखादी जागा एका वेळी किती लोक पेलू शकते, हे पाऊस सुरू होण्याआधी ठरवणं आणि तेवढ्यांनाच आत सोडणं, एवढी सुरुवात तरी पुढच्या पावसाळ्याआधी करता येण्यासारखी आहे.