काटा कुणाच्या हातात?

आपल्याकडे 'रास्त भाव' म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं. रास्त, ते घेणाऱ्यासाठी. पिकवणाऱ्यालाही रास्त भाव दिलाय, असं कुठल्या दुकानाच्या पाटीवर मी तरी वाचलेलं नाही. इंग्लंडातल्या एका गावाने ही पाटी उलटी करून लावली. आपल्या पोरांनी ती नीट वाचावी म्हणून हे लिहितोय.

गावाचं नाव गार्स्टँग. लँकेशायरमधलं चार-पाच हजार वस्तीचं बाजाराचं गाव. ब्रूस क्राउदर हा जनावरांचा डॉक्टर आणि ऑक्सफॅमचे स्थानिक कार्यकर्ते दुकानदारांकडे गेले, शाळांत गेले, चर्चमध्ये गेले. मागणं एकच : चहा, कॉफी, चॉकलेट ठेवायचं तर पिकवणाऱ्याला रास्त दाम देणारं ठेवा. एप्रिल 2000 मध्ये गावाने जाहीर सभा भरवली आणि ठराव केला, आमचं गाव जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव. तोवर असं बिरूद कुणी कुणाला दिलंच नव्हतं. त्यांनी ते स्वतःच घेतलं. पुढे दोन हजारांवर गावं-शहरं त्या वाटेने गेली.

तुम्ही म्हणाल, गोऱ्यांना दया आली. दयेचा मलाही तिटकारा आहे. पण इथं हिशोब दयेचा नाही, जुन्या देण्याचा आहे. गार्स्टँगच्या शेजारचं लँकेस्टर हे अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापाराचं बंदर होतं. तिथली जहाजं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जायची, माणसं भरायची, वेस्ट इंडीजला नेऊन विकायची आणि साखर, रम घेऊन परतायची. मी गोदीत काम करतो. जहाजाच्या पोटात गोण्या कशा रचतात ते मला ठाऊक आहे. तिथं माणसं रचली होती. 1833 साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी मोडायचा कायदा केला आणि भरपाई मंजूर केली, दोन कोटी पौंड. कुणाला? मालकांना! गुलामाच्या हातावर छदामही ठेवला नाही.

त्याच किनाऱ्यावर आजचा घाना आहे, कोको पिकवणारा देश. गार्स्टँगने तिथल्या न्यू कोफोरिडुआ या कोकोच्या गावाशी नातं जोडलं. घानातल्या कोको शेतकऱ्यांची कुआपा कोकू ही सहकारी संघटना 1993 ची. खरेदीदार काटा मारायचे. शेतकरी म्हणाले, वजन करणारा माणूस आम्ही निवडू, गावातला. काटा मारणं म्हणजे काय, हे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला शिकवायला नको. 1998 साली लंडनमध्ये डिव्हाइन चॉकलेटची कंपनी निघाली, तिच्यात या शेतकऱ्यांचा मालकी हिस्सा होता. कोको विकणारा चॉकलेटचा भागीदार झाला. ही गोष्ट मला ठरावापेक्षा मोठी वाटते.

पण भांडवल गप्प बसत नाही. कॅडबरीने ब्रिटनमधल्या डेअरी मिल्कवर 2009 साली फेअरट्रेडचा शिक्का मारला आणि 2016 साली तो सोडून स्वतःची योजना पुढे केली. नेस्लेनेही तिथल्या किटकॅटवरचा शिक्का 2020 साली काढला. म्हणजे माल घेणाराच आता स्वतःला रास्त असल्याचं सर्टिफिकेट देणार. काटा फिरून त्याच्याच हातात.

आणि एक सवाल माझा गार्स्टँगलाही आहे. फेअरट्रेडने 2019 साली कोकोला टनामागे किमान 2,400 डॉलर भाव ठरवला. वर 240 डॉलर संघटनेला, सामाईक कामासाठी. चांगलं आहे. पण घानात 'अबुसा' नावाची रीत आहे. पिकाचे तीन वाटे करायचे. दुसऱ्याच्या बागेत राबणाऱ्याला पुष्कळदा त्यातला एक मिळतो, आपल्याकडच्या बटईसारखा. शेंग तोडतो तो, फोडतो तो, बिया वाळवतो तो. संघटनेचा सभासद मात्र बहुधा बागवाला. मग त्या 240 डॉलरचं काय करायचं हे ठरवताना त्याचा हात वर होतो का? जमीन नाही म्हणून मतही नाही, हा न्याय आपल्या बापजाद्यांनी भोगलाय. तो शिक्क्याच्या आड लपून आला तरी आपण ओळखला पाहिजे.

म्हणून शिक्का फेकून द्या, असं मी म्हणत नाही. मालकाच्या मर्जीपेक्षा ठरलेला भाव केव्हाही बरा. पण भाव शेवटच्या हातापर्यंत पोचतो का, हे विचारणारे पाहिजेत. गार्स्टँगच्या लोकांनी सुरुवात विचारण्यानेच केली. त्यांनी एकेकट्याने कुरकुर केली नाही, सगळं गाव मिळून दुकानदाराला विचारलं. दोस्तांनो, तुमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये एवढं करा. हा चहा कुठल्या मळ्यातला? पानं खुडणारीला दिवसाला काय मिळतं? दहा जणांनी रोज विचारा. उत्तर येईपर्यंत विचारत राहा.