‘दीवार’मधील एकटा हमाल

१९७५ चा ‘दीवार’ मला आजही आवडतो. सलीम-जावेद यांचे संवाद तर विशेषच. तथापि त्यातील गोदी खटकते. हप्ता नाकारणारा तरुण हमाल प्राणास मुकतो. पण काम बंद पडत नाही, सभा भरत नाही. गोदामात गुंडांशी झुंजतो तो एकटा विजय! वडील आनंदबाबू कामगारांचे पुढारी. ते धमकीपुढे नमले आणि त्यांच्याबरोबर संघटनाही पटकथेतून हद्दपार झाली. मुंबईची खरी गोदी मात्र प्लॅसिड डिमेलो यांनी केव्हाच संघटित केली होती. आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प १ मधील कंत्राटी कामगारांना विजय तोंडपाठ आहे. डिमेलो म्हणजे त्यांच्या लेखी बोरीबंदरजवळचा रस्ता. कार्यकर्त्यांनी ‘दीवार’ वस्तीत अवश्य दाखवावा. मात्र गोदामाच्या प्रसंगापाशी तो थांबवून, बाकीचे हमाल त्या वेळी कोठे होते, हे प्रेक्षकांना विचारावे.