नव्या ट्रकवरचा पहिला चरा

दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर नवा ट्रक किंवा टेम्पो दारी आला, की घरातील लहानथोर मंडळी आठवडाभर त्याच्याभोवती असतात. पुढे गाडी कामाला लागते, मार्केट यार्डात मागे घेताना कुणाचा तरी फाळका दाराला घासतो, आणि मालकाला तो चरा मासिक हप्त्याहूनही अधिक बोचतो. यावर आपल्या व्यापारी घरांत दोन उपाय रूढ आहेत. एक म्हणजे ‘मालाची गाडी, चालायचेच’ असे म्हणून सोडून देणे. दुसरा म्हणजे चालकाच्या पगारातून रक्कम कापणे. माझ्या मते दोन्ही तोट्याचे आहेत.

केबिनच्या पत्र्यावर कारखान्यात रंगाचे थर एकावर एक चढतात. पत्रा स्वच्छ करून त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग तो रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसविला जातो. त्यावर प्रायमर, मग रंग आणि अनेक गाड्यांवर शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. ही सारी जाडी मिळून मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याच्या आसपास भरते. गंजापासून खरे रक्षण तळचा थर करतो. म्हणून चरा किती लांब आहे यापेक्षा तो किती खोल गेला आहे, हे पाहावे.

ते ओळखणे कठीण नाही. जागा धुऊन कोरडी करावी व चऱ्यावरून आडवे नख फिरवावे. नख अडकत नसेल आणि पाणी शिंपडताच रेघ दिसेनाशी होत असेल, तर इजा वरच्या थरापुरती आहे. अशा चऱ्यासाठी रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने, तेवढ्याच जागी घासावे व वर मेणाचे पॉलिश द्यावे. कडा व कोपऱ्यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे हात आवरावा. नख अडकले व राखाडी प्रायमर दिसला, तर आठ-पंधरा दिवसांत रंग भरून घ्यावा. पण चकाकणारा पत्रा दिसला, तर पावसाळ्यात एक दिवसही थांबू नये. कोकणात माल नेणाऱ्यांनी तर मुळीच नाही, कारण खाऱ्या हवेत गंज फार लवकर धरतो.

उघड्या पत्र्याचे काम घाईने पण क्रमानेच करावे लागते. बारीक पॉलिश पेपरने गंजाचा अंश काढावा, तेलकटपणा पुसावा, गंजरोधक प्रायमरचा पातळ हात द्यावा आणि तो वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर तो ओघळतो व पुढे सोलतो. रंग नजरेच्या अंदाजाने आणू नये. विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या खिडकीवर चासी क्रमांक दिला की रंगाचा नेमका सांकेतिक क्रमांक मिळतो. गाडी बाहेरगावी असेल तर निदान प्रायमर तरी लावायला सांगावे. काही चालक तात्पुरते ग्रीस चोपडतात. ते नीट निघाले नाही तर पुढचा रंग धरत नाही.

आता पगारकपातीविषयी. बँकेत असताना कर्जावरील वाहनांची पाहणी हा माझ्या कामाचा भाग होता. एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या दीड वर्षाच्या पिकअपच्या दारावर देवाचे मोठे स्टिकर होते. त्याची कड फुगलेली दिसली म्हणून बोट लावले, तर खालून तांबूस भुगा गळला. चालक आधी गप्प राहिला, मग म्हणाला, ‘साहेब, पहिल्याच महिन्यात सळई घासली. त्याआधी पोचा आला तेव्हा शेठजींनी ८०० रुपये कापले होते. या वेळी सांगायचा धीर झाला नाही.’ त्याने स्टिकर आणून चरा झाकला, त्याखाली पाणी मुरत राहिले आणि शेवटी दाराचा खालचा पत्रा कापून नवा जोडावा लागला. चालकाने लपवले हे खरे, पण लपविण्याची सवय त्याला ८०० रुपयांनी लागली. चरा संध्याकाळी सांगितला तर कपात नाही, असा नियम करावा आणि तो खरोखर पाळावा. सांगितलेल्या चऱ्याची तारीख वहीत लिहून छायाचित्र काढून ठेवावे.

रंग जपण्यात धुण्याचा वाटा मोठा. धूळ भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे तिच्यावर पॉलिश पेपर फिरवणे. आधी पाण्याची धार, मग गाडीचा शाम्पू, तोही सावलीत. कपड्यांच्या साबणचुऱ्याने मेणाचा थर निघून जातो. चमक यावी म्हणून डिझेल-रॉकेलचा बोळा फिरविण्याची रीत तर बंदच करावी. त्यावर धूळ अधिक चिकटते. खत वा मीठ वाहिल्यावर हौदा त्याच दिवशी धुवावा. हौदा पुष्कळदा स्थानिक कारागिराकडून बांधलेला असतो व त्यावर रेड ऑक्साइड आणि साधा ऑइलपेंट असतो. तिथे चरे पडणारच; पाणी निघून जाण्याची भोके मोकळी आहेत ना, एवढे पाहावे. नवी गाडी देताना विक्रेते महागडे सिरॅमिक कोटिंग सुचवतात. मालवाहू गाडीला तो खर्च मला पटत नाही. त्याऐवजी मडफ्लॅप, दाराच्या कडांना व हमाल चढतात त्या बाजूला संरक्षक फिल्म आणि दोन-तीन महिन्यांनी मेण पुरेसे.

विम्याकडेही एकदा पाहावे. मालवाहू वाहनाच्या पॅकेज पॉलिसीत दिवे, मडगार्ड, बंपर व रंगकाम यांचे नुकसान, गाडी पूर्ण निकामी झाली नसल्यास, वगळलेले असू शकते. ते हवे असल्यास जादा हप्ता भरून ‘आयएमटी २३’ हे पृष्ठांकन घ्यावे लागते. पॉलिसीवर ते आहे का, आजच पाहा. असले तरी रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. बिल एकत्रित असेल तर साहित्य २५ टक्के धरतात. म्हणजे १२,००० रुपयांच्या बिलात साहित्य ३,००० आणि कपात १,५००. शिवाय सक्तीची वजावट वेगळी. पहिले वर्ष दावा न करता गेले तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती लहान दाव्यापायी जाते. तेव्हा एका दाराच्या रंगासाठी दावा करण्यापूर्वी दोन्ही आकडे मांडून पाहावेत. खर्च स्वतः केलात तर गॅरेजकडून आपल्या जीएसटी क्रमांकासह पक्के बिल घ्यावे. माल करपात्र असेल, तर मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरील कराचा परतावा खात्यात घेता येतो.