डीजेचे वॉट वाढतात, मग ‘आवाज कमी करा’ म्हणणारा शत्रू का ठरतो?

पेण असो की रोहा, हळदीचा मांडव आणि विसर्जनाची मिरवणूक आता डीजेशिवाय विरळाच. कोणाचा सेटअप मोठा, कोणाचा बेस भारी, यावर शौकीन हिरिरीने भांडतात. पण कोणी ‘आवाज जरा कमी करा’ म्हटलं, की त्याला सणाचाच विरोधक ठरवलं जातं.

जास्त वॉट म्हणजे जास्त आवाज?
तितका नाही. त्याच स्पीकरला दुप्पट वॉट दिले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. आकड्यांचा गाजावाजा मोठा, फरक छोटा.

धोका कोणाला?
आधी शौकिनांनाच. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलची मर्यादा दिवसाला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मिरवणूक मात्र तासन्‌तास चालते.

नियम काय सांगतो?
२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं, की लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही.

म्हणजे आवाजावर बोट ठेवणं हे सणावर बोट ठेवणं नव्हे. ‘बेस भारी’ म्हणणाऱ्यांनी एकदा डेसिबलही मोजावेत. मोठ्या आवाजाने कायमची गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.